प्रत्येक घासाला एक गाव असते

(बालसंस्कार वर्गांच्या शिक्षिका आणि पालक यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय वरवर पाहता लहानसा वाटेल. देशापुढे सुरक्षेचे, अर्थकारणाचे, शिक्षणाचे एवढे प्रश्न उभे असताना भाकरी, कोकम आणि कारल्याच्या गाण्यांवर तासभर बोलायचे कशाला, असे एखाद्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु मुलाला आपली भूमी प्रथम नकाशात भेटत नाही. नकाशा तिसरी-चौथीत येतो. त्याच्या कितीतरी आधी ती भूमी वरणभाताच्या पहिल्या घासातून, आंब्याच्या रसातून, संक्रांतीच्या तिळगुळातून त्याच्यापर्यंत पोहोचलेली असते. आणि त्या घासाबरोबर आईच्या तोंडची दोन यमके कानांवर पडली, तर चव आणि शब्द एकमेकांना असे चिकटतात की ते आयुष्यभर सुटत नाहीत.

आजच्या मुलांना खाण्यावरची गाणी येत नाहीत, असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही. ती येतात, आणि तोंडपाठ येतात. चार वर्षांच्या कोणत्याही मुलाला विचारा. बिस्किटाचे, चॉकलेटचे, शीतपेयाचे आणि झटपट शिजणाऱ्या शेवयांचे गाणे तो चालीसह म्हणून दाखवील. ती गाणी जाहिरातींची आहेत. यमक, ठेका, पुनरुक्ती, चिमुकला विनोद ही बालकवितेची सारी आयुधे जाहिरात लिहिणाऱ्यांनी ओळखली आणि कौशल्याने वापरली. घराने आणि शाळेने जी जागा मोकळी सोडली, ती बाजाराने भरून काढली. यात दोष बाजाराला देऊन भागणार नाही. जागा मोकळी का राहिली, हा खरा प्रश्न आहे.

परंपरेतील अन्नगान

कारण आपल्याकडे ही जागा कधीच मोकळी नव्हती. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत वरुणपुत्र भृगू पित्याकडे ब्रह्मविद्या मागायला जातो. तप करून त्याला जे पहिले उत्तर सापडते ते अन्न हे आहे. तेथून पुढे तो प्राण, मन, विज्ञान आणि आनंद या पायऱ्या चढतो, पण पहिली पायरी अन्नाचीच. अन्नाची निंदा करू नये, ते टाकू नये, ते भरपूर पिकवावे आणि दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नये, ही व्रतेही तेथेच सांगितली आहेत. इतका गंभीर विचार सामान्य घरात पोहोचला तो ग्रंथांतून नव्हे, तर गाण्यांतून. पहाटे जात्यावर दळणाऱ्या माउलीच्या मांडीवर पेंगणारे मूल ओवी ऐकत असे, आणि त्याच वेळी दाण्याचे पीठ होताना पाहत असे.

आश्विनातील भोंडला किंवा हादगा आठवून पाहावा. सूर्य हस्त नक्षत्रात आला की पाटावर हत्तीचे चित्र काढून मुली त्याभोवती फेर धरतात. त्यांच्या गाण्यांत एक गाणे कारल्याचे आहे. सून माहेरी जाण्याची परवानगी मागते. सासू म्हणते, आधी कारल्याचे बी पेर. बी पेरले की कोंब येऊ दे, मग वेल वाढू दे, मग फूल, मग फळ, मग भाजी, आणि ती खाऊन झाल्यावर माहेरी जा. गाण्यातला सासुरवास जुन्या काळाचा आहे आणि तो गेला तर कोणाला दुःख नाही. पण गाता गाता सात वर्षांची मुलगी एका भाजीचा बियांपासून ताटापर्यंतचा सारा प्रवास क्रमवार शिकत होती, हे विसरता येत नाही. कारले बाजारात तयार होत नाही, त्याला वेळ लागतो, वाट पाहावी लागते, हे तिला कोणी फळ्यावर लिहून दिले नव्हते.

आणि गाणी संपल्यावर खिरापत! झाकलेल्या डब्यात काय आहे ते ओळखायचे. एकीने पोहे म्हणायचे, दुसरीने वाटली डाळ, तिसरीने करंजी. ओळखता ओळखता मुलींच्या तोंडून साऱ्या पाकशास्त्राची उजळणी होऊन जाई. विदर्भात आणि खानदेशात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत चालणाऱ्या भुलाबाईच्या गाण्यांनाही खिरापतीची अशीच जोड आहे. पदार्थाचे नाव ठाऊक असणे, हा तेथे खेळाचा भाग होता.

शब्द जातो, मग पेरा जातो

हा धागा तुटला त्याची कारणे अनेक आहेत. घरे लहान झाली, अंगणे गेली, आजी एका शहरात आणि नातवंडे दुसऱ्या शहरात राहू लागली. बालवर्गांत इंग्रजी बडबडगीते आली. इंग्रजी शिकण्यास कोणाचाच विरोध असू नये; ती भाषा आली पाहिजे. परंतु ज्या मुलाने मफिन कधी पाहिलेला नाही ते मफिनचे गाणे म्हणते, आणि घरी रोज खाल्ल्या जाणाऱ्या थालीपिठावर त्याला एकही ओळ येत नाही, तेव्हा त्याच्या मनात नकळत एक उतरंड तयार होते. गाण्यात असते ते थोर, डब्यात असते ते सामान्य. पुढे डब्यातली भाकरी लपवून खाणारा मुलगा याच उतरंडीतून घडतो.

याचे परिणाम घरापुरते राहत नाहीत. वरई, राळा, कोद्रा, बरटी ही नावे आज शहरातील किती मुलांना माहीत आहेत? नाव तोंडात नसेल तर मूल तो पदार्थ मागत नाही. मूल मागत नाही म्हणून आई तो करीत नाही. घर विकत घेत नाही म्हणून वाणी ठेवीत नाही, आणि वाणी ठेवीत नाही म्हणून शेतकरी पेरीत नाही. महाराष्ट्रातील ज्वारीचा पेरा गेल्या काही दशकांत मोठ्या प्रमाणात घटला. त्यामागे भाव, पाणी, मजुरी आणि सरकारी धोरण अशी अनेक कारणे आहेत, हे मान्य केले पाहिजे. पण खाणाऱ्याच्या मनातील प्रतिष्ठा हेही त्यातील एक कारण आहे. गव्हाची पोळी ही सुधारणेची आणि भाकरी ही मागासलेपणाची खूण, असे मध्यमवर्गाने मानले, हे नाकारता येणार नाही.

परावलंबी अन्न म्हणजे काय, हे या देशाने अनुभवले आहे. १९६५ साली अन्नटंचाई आणि युद्ध एकाच वेळी अंगावर आले असताना अमेरिकेतून येणाऱ्या गव्हावर देश अवलंबून होता. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि असंख्य घरांनी ते पाळले. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने परदेशी लाल मिलो खाल्ली. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना ज्वारीच्या पांढऱ्या दाण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. त्यांच्या नातवंडांना मात्र ते सांगावे लागेल, आणि नातवंडे भाषण ऐकत नसतात. ती गाणे ऐकतात.

अन्नाचा पत्ता

देशी अन्नावरच्या चांगल्या बालकवितेत पहिली गोष्ट कोणती असावी? त्या अन्नाचा पत्ता. आंबा गोड आहे, एवढे सांगून कविता संपू नये. तो कोणत्या मातीतला आहे, कोणत्या महिन्यातला आहे आणि कोणाच्या हातचा आहे, हे मुलाला कळावे. भौगोलिक निर्देशांकाचा कायदा १९९९ साली झाला आणि २००३ पासून अमलात आला. त्याखाली नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये, तर कोकणातील पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. एकट्या २०१६ साली महाराष्ट्रातील जी उत्पादने नोंदली गेली ती नुसती वाचली तरी गाण्यासारखी वाटतात : जळगावची भरताची वांगी, लासलगावचा कांदा, पुरंदरचे अंजीर, बीडचे सीताफळ, वायगावची हळद, भिवापूरची मिरची, आजऱ्याचा घनसाळ, नवापूरची तूरडाळ, वेंगुर्ल्याचा काजू, घोलवडचा चिकू, सिंधुदुर्ग-रत्नागिरीचे कोकम. कायद्याने ज्याला पत्ता दिला, त्याला कवितेने चाल द्यावी, एवढेच काम उरले आहे.

याच यादीत मंगळवेढ्याची ज्वारी आहे. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याची जमीन काळी आणि खोल. पावसाळ्याच्या अखेरीस पेरणी होते आणि जमिनीत साठलेल्या ओलीवर, थंडीच्या दवावर पीक उभे राहते. हा झाला भूगोल. पण त्याच गावाला इतिहासही आहे. बहामनी राजवटीत भीषण दुष्काळ पडला तेव्हा मंगळवेढ्याचे अधिकारी संत दामाजीपंत यांनी सरकारी धान्याची कोठारे भुकेलेल्यांसाठी खुली केली. बादशहाचा कोप ओढवला, तेव्हा प्रत्यक्ष पांडुरंग विठू महाराच्या रूपाने बीदरला गेला आणि धान्याचे मोल भरून आला, अशी कथा महाराष्ट्राने शतकानुशतके सांगितली. देवाने भुकेल्यांच्या अन्नासाठी कोणते रूप घेतले, हे या कथेत नीट पाहण्यासारखे आहे. त्याच मंगळवेढ्याचे संत चोखामेळा. जातिभेदाच्या भिंती मोडणारी समरसता मुलांना शिकवायची असेल तर ज्वारीच्या एका दाण्यातून ती शिकवता येते.

यासाठी मोठा कवीच हवा असे नाही. भाकरी थापता थापता एखाद्या आईला अशा ओळी सहज सुचू शकतील :

काळ्या मातीत निजला दाणा,
ओल पिऊन झाला शहाणा.
हुरडा खाऊन पाहुणे गेले,
उरले कणीस खळ्यावर आले.
पीठ मळले, थाप थाप थाप,
चुलीशी फुगली आपोआप!

यात उपदेश नाही. पण माती आहे, ओल आहे, हुरड्याचा हंगाम आहे, खळे आहे आणि आईचा हात आहे. ‘खळे म्हणजे काय?’ असे मुलाने विचारले की कवितेचे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे काम उत्तर देणाऱ्याचे.

अभिमान हवा, पण सत्यासह

येथे एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे. देशी अन्नाचा गौरव करताना खोटा इतिहास मुलांच्या गळी उतरवू नये. मिरची, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा, पेरू, पपई, चिकू, काजू ही सारी मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीज आल्यानंतर ती या देशात रुजली. मिरची येण्यापूर्वी आपल्या स्वयंपाकाला तिखटपणा मिरीने येत असे, आणि ‘मिरची’ या नावातच ती मिरी लपलेली आहे. एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीकडे पाहावे : साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो अमेरिका खंडातला, बटाटा तिथला, शेंगदाणा तिथला आणि मिरचीही तिथली! ज्वारी, बाजरी आणि नाचणी हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आल्या. उलट तूर, उडीद, मूग, तीळ, वांगे, आंबा, फणस आणि कोकम ही याच भूमीची लेकरे.

मग या पाहुण्यांना कवितेतून हाकलून द्यावे काय? मुळीच नाही. भिवापूरच्या मिरचीला आणि घोलवडच्या चिकूला भौगोलिक निर्देशांक मिळाला, तो त्यांचे मूळ कुळ पाहून नव्हे. इथल्या मातीने आणि इथल्या शेतकऱ्याने त्यांना जे रूप दिले, त्याची ती पावती आहे. जे आले ते पचवून आपले करणे, हे या संस्कृतीचे सामर्थ्य आहे. ज्या समाजाने परक्या मिरचीचा ठेचा केला आणि परक्या बटाट्याला उपवासाचे पावित्र्य दिले, त्याला आपल्या इतिहासाविषयी खोटे बोलण्याची गरज नाही. उद्या मुलगा मोठा होऊन एखादे पुस्तक उघडील आणि लहानपणी शिकवलेले खोटे होते असे त्याला आढळेल, तर त्याचा एका ओळीवरचा विश्वास उडून थांबणार नाही. साऱ्या संस्कारांवरचाच उडेल. अभिमान सत्यावर उभा असेल तरच तो टिकतो.

आणि सत्यातही गाण्याजोगे पुष्कळ आहे. संस्कृतातील ‘शर्करा’ इराण-अरबस्तानामार्गे युरोपात गेली आणि तिथल्या भाषांत साखरेचे नाव झाली. ‘खंड’ हा शब्द तिकडे जाऊन ‘कँडी’ झाला. ‘नारंग’ फिरत फिरत ‘ऑरेंज’ झाला. नागपूरच्या मुलाला हे गाण्यातून कळले तर इंग्रजी शब्द शिकतानाही त्याची मान ताठ राहील.

ताट सर्वांचे

दुसरी सावधगिरी अशी की, ‘देशी अन्न’ म्हणजे आपल्याच घरातील अन्न, अशी समजूत होऊ नये. पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरातील वरणभात, पुरणपोळी आणि मोदक यांवर कविता आहेत आणि असाव्यातही. पण पावसाळ्यात सह्याद्रीच्या कुशीत उगवणारा टाकळा, कुर्डू, शेवळा, करटुली. वनवासी बांधवांच्या घरातील नागलीची भाकरी आणि मोहाची फुले. किनाऱ्यावरील कोळीवाड्यातील मुलाच्या ताटातला बांगडा आणि भात, हेही याच भूमीचे अन्न आहे. ज्या मुलाचे अन्न कवितेत येत नाही, त्याला वर्गात आपण परके आहोत असे वाटते. बालसंस्कार वर्गात ही चूक अजाणतेपणीही घडू नये.

पद्मश्री राहीबाई पोपेरे यांचे उदाहरण सर्वांपुढे आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे या गावच्या राहीबाई महादेव कोळी समाजातील. त्या शाळेत गेल्या नाहीत. पण वालाच्या, भाताच्या, भाज्यांच्या गावठी बियाण्यांचे मोल त्यांनी ओळखले, ते जपले, घरात बियाण्यांची बँक उभी केली आणि इतर शेतकरी स्त्रियांना बियाणे दिले. देशाने २०२० साली त्यांचा पद्मश्रीने गौरव केला. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. बी जसे मडक्यात राखेत घालून जपावे लागते, तसा शब्दही जपावा लागतो. बियाण्याची बँक असते, तशी प्रत्येक घरात शब्दांची बँक असावी, आणि बालकविता ही तिची सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ तिजोरी आहे.

करायचे काय?

संयुक्त राष्ट्रसंघाने भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात या धान्यांना ‘श्री अन्न’ हे नाव दिले गेले. हे स्वागतार्ह आहे. परंतु सरकार नाव देऊ शकते, भाव देऊ शकते. गोडी लावण्याचे काम घराचे आहे.

ते करताना उपदेशाचा मोह टाळावा. ‘भाकरी खा, बलवान हो’ अशा ओळींना मुले जुमानत नाहीत. विंदा करंदीकर आणि मंगेश पाडगावकर यांच्या बालकवितेने मराठी मुलांना गंमत दिली, नाद दिला, कल्पनेची उडी दिली. म्हणून ती मुलांची झाली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला वारली मुलांसाठी बालशिक्षणाचे जे काम केले, त्यात शंख-शिंपले, बिया, पाने हीच शिकण्याची साधने होती. शाळा मुलांच्या अंगणात गेली, म्हणून तिला अंगणवाडी म्हटले गेले. अन्नाची कविताही अशीच मुलाच्या ताटाजवळ गेली पाहिजे.

नोकरी करणाऱ्या आईच्या डोक्यावर आणखी एक ओझे टाकावे, असा याचा अर्थ नाही. भरवणारे हात वडिलांचे आणि आजोबांचेही असू शकतात. रविवारी मुलाला मंडईत न्यावे, भाजीवाल्या मावशींना भाजी कोणत्या गावची असे त्यानेच विचारावे, आणि घरी येऊन त्या गावच्या नावाला यमक शोधावे. आजीला दूरध्वनी करून तिच्या लहानपणीची दोन गाणी उतरवून घ्यावीत. संस्कारवर्गात महिन्यातून एकदा खिरापत ओळखण्याचा खेळ घ्यावा. त्यात मुलींबरोबर मुलगेही असावेत, आणि प्रत्येकाने आपल्या घरच्या पदार्थावर दोन ओळी रचून आणाव्यात. उन्हाळी सुट्टीत एखाद्या शेतकरी कुटुंबाकडे मुलांना एक दिवस न्यावे आणि जेवण झाल्यावर ज्यांनी पिकवले त्यांना नमस्कार करायला सांगावे. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांच्या पायाखाली ही माती नाही. त्यांच्यासाठी तर कोकमाचे एक गाणे म्हणजे कोकणाची एक फेरीच आहे.

बंधू-भगिनींनो, जेवायला बसताना श्लोक म्हणण्याची आपली रीत आहे. त्यामागचा भाव कृतज्ञतेचा आहे. पण कृतज्ञता कोणाविषयी, हे मुलाला ठाऊक नसेल तर श्लोक नुसता पाठांतर ठरतो. घासाचे गाव ठाऊक असेल, पेरणाऱ्याचे कष्ट ठाऊक असतील, तर ताटात अन्न टाकायला त्याचा हात सहजासहजी धजावणार नाही. आज रात्री घरी गेल्यावर ताटातील एका पदार्थाविषयी मुलाला एकच प्रश्न विचारावा : ‘हा कुठून आला असेल रे?’ त्याला उत्तर येणार नाही. कदाचित आपल्यालाही येणार नाही. दोघांनी मिळून ते शोधावे, आणि सापडले की त्याचे गाणे करावे.

भारत माता की जय.